यजमान गोव्याच्या ७०.३ ला उतरत आहेत. घरच्यांनी नेमके काय करावे?

साताऱ्याच्या एका ताईंनी विचारले आहे की त्यांचे यजमान, वय ४४, यंदा पहिल्यांदाच गोव्याच्या आयर्नमॅन ७०.३ या ट्रायथलॉनमध्ये, म्हणजे पोहणे, सायकल आणि धावणे सलग करण्याच्या शर्यतीत, उतरणार आहेत आणि सोबत त्या स्वतः, नऊ व पाच वर्षांची मुले आणि सासूबाई अशी सगळी मंडळी जाणार आहेत. कुठे उभे राहावे, खायला काय न्यावे आणि वाटेत त्यांना काय मदत करता येईल, हे त्यांचे प्रश्न आहेत. यजमानांना रक्तदाबाची गोळी चालू असल्याचा उल्लेख त्यांनी जाता जाता केला आहे, आणि अगदी शेवटी लिहिले आहे, ‘खरे सांगायचे तर शर्यत व्हायच्या आधीच मी दमले आहे.’

ताई, तुमचा खरा प्रश्न त्या शेवटच्या ओळीत आहे असे मला वाटते, म्हणून बाकीच्या प्रश्नांची उत्तरे देण्याआधी मी तिथूनच सुरुवात करतो. मी स्वतः एकही शर्यत केलेली नाही. माझी पत्नी एक्केचाळिसाव्या वर्षी या खेळात आली, तिच्यामागे पुतण्या आला, आणि गेली नऊ वर्षे मी कोल्हापूरच्या राजाराम तलावाच्या काठापासून मिरामारच्या वाळूपर्यंत टॉवेल, चपला आणि चाव्या सांभाळत उभा आहे. आमच्या गटातील नवीन स्पर्धकांच्या घरच्यांना शर्यतीआधी तासभर बसवून चार गोष्टी समजावून सांगण्याचे काम आता माझ्याकडेच आले आहे. त्या तासात जे सांगतो तेच इथे लिहितो आहे.

घरचे माणूस शर्यतीला उतरते तेव्हा त्या एका दिवशी आपण उपयोगी पडू, अशी आपली कल्पना असते. प्रत्यक्षात त्या दिवशी आपल्याला करण्यासारखे फार थोडे असते, कारण बहुतेक मदतीला नियमाने बंदी असते. आपले काम आधीच्या सहा महिन्यांत आणि नंतरच्या सहा तासांत असते. १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे, अशा एकूण ११३ किलोमीटरसाठी (मैलांत मोजले तर ७०.३, शर्यतीचे नाव त्यावरूनच पडले आहे) नोकरी करणारा माणूस आठवड्याला साधारण आठ ते बारा तास सराव करतो. हा आकडा ऐकून फार वाटत नाही, पण त्यातले तास कुठून येतात ते पाहावे लागते. रविवारी पहाटे पाचला सायकलवर गेलेला माणूस दहाला परत येतो, तशाच बुटांत वीस मिनिटे धावून येतो, आंघोळ करतो, दोन माणसांचे जेवण एकटा जेवतो आणि दुपारी अडीचपर्यंत झोपतो. कागदावर सराव साडेपाच तासांचा असतो आणि घराचा अख्खा रविवार गेलेला असतो. मुलांचा गृहपाठ, किराणा, सासूबाईंचा दवाखाना हे सगळे त्या वेळात कोणीतरी केलेले असते, आणि त्या ‘कोणीतरी’ची नोंद कोणत्याही घड्याळात किंवा ॲपमध्ये होत नाही.

आमच्या घरात याचे भांडण झाले ते तिसऱ्या महिन्यात, आणि ते सुटले ते स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी टांगलेल्या कालनिर्णयामुळे. पत्नीने महिन्याचा सराव लाल पेनाने त्यावर लिहायचा, मी माझी आणि मुलीची कामे निळ्या पेनाने लिहायची, आणि दोन्ही रंग एकाच चौकोनात आले की तो चौकोन रविवारी रात्री बसून सोडवायचा, असे ठरले. महिन्यातला एक रविवार पूर्ण रिकामा ठेवायचा आणि त्या दिवशी सायकलला हात लावायचा नाही, हेही ठरले. प्रशिक्षकाला आधीच सांगितले तर तो सरावाचा आराखडा त्याप्रमाणे आखतो, कारण महिन्यातला एक दिवस विश्रांतीला गेल्याने कोणाचीही शर्यत बुडत नाही. शर्यतीनंतरच्या दोन आठवड्यांत घरची कोणती कामे स्पर्धकाने उचलायची, तेही आधीच लिहून घ्या. नंतर विचाराल तर पायदुखीचे कारण पुढे येईल, आणि ते खरेही असेल.

इथे थोडे विषयांतर करतो. नवरा सराव करतो तेव्हा बायकोने घर सांभाळले तर ते गृहीत धरले जाते, आणि माझी बायको सराव करत होती तेव्हा मी सकाळी मुलीचा डबा भरला म्हणून आमच्या अपार्टमेंटमध्ये माझे कौतुक झाले. पोळ्यांना बाई होती, मी केवळ डबा भरत होतो. तेव्हा ताई, तुमच्या दमण्याला तुमच्या आसपास कोणी दाद दिली नसेल तर त्याचे मला नवल वाटणार नाही, पण यजमानांनी ती दिली पाहिजे आणि तुम्ही ती मागितली पाहिजे.

दुसरी गोष्ट गोळीची. तुम्ही ती जाता जाता लिहिली आहे, पण माझ्या यादीत ती सगळ्यात वर आहे. अमेरिकेत १९८५ ते २०१६ या काळात ट्रायथलॉनमध्ये झालेले मृत्यू आणि हृदय बंद पडून वाचवले गेलेले स्पर्धक अशा १३५ घटनांचा अभ्यास प्रसिद्ध झालेला आहे. त्यातल्या ९० घटना पोहण्याच्या टप्प्यात घडल्या होत्या, १०० पैकी ८५ जण पुरुष होते आणि सरासरी वय सत्तेचाळीसच्या आसपास होते. ज्यांच्या शवविच्छेदनाचे तपशील मिळाले त्यांतल्या बऱ्याच जणांना हृदयाचा किंवा रक्तवाहिन्यांचा दोष आधीपासूनच होता. स्पर्धकांच्या एकूण संख्येत या घटना फार विरळ आहेत, त्यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही, पण चव्वेचाळिसाव्या वर्षी, रक्तदाब असताना, पहिल्यांदा समुद्रात उतरणाऱ्या माणसाने हृदयाची तपासणी करून घेतली नसेल तर आधी ती करावी. ईसीजी पुरेसा आहे की ट्रेडमिलवरची चाचणी हवी, गोळी कोणत्या प्रकारची आहे आणि शर्यतीच्या सकाळी ती घ्यायची की नाही, हे मी सांगू शकत नाही आणि सायकलच्या ग्रुपवरच्या कोणीही सांगू नये. ते त्यांच्या डॉक्टरांनीच, तोंडाने नव्हे तर कागदावर, सांगायला हवे. त्या भेटीला तुम्ही सोबत जा. आमची मंडळी डॉक्टरांना ‘थोडे पळतो, थोडी सायकल’ असे सांगतात, ‘समुद्रात दोन किलोमीटर’ सांगतच नाहीत. अंगदुखीच्या गोळीचेही तेव्हाच विचारून घ्या, कारण आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या लांब शर्यतीच्या दिवशी मूत्रपिंडावर ताण आणतात आणि रक्तातले मीठ घसरण्याचा धोका वाढवतात.

आता प्रत्यक्ष शर्यतीकडे येतो. गोव्यातली ही शर्यत २०१९ च्या ऑक्टोबरात पहिल्यांदा झाली, मधली दोन वर्षे साथीत गेली, आणि आता ती कधी ऑक्टोबरात तर कधी नोव्हेंबरात पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर होते. मार्ग, वेळा आणि बंद रस्ते दरवर्षी थोडे बदलू शकतात, म्हणून आयोजकांची त्या वर्षीची मार्गदर्शिका आली की ती यजमानांनी वाचावीच, पण तुम्हीही वाचावी, आणि त्यातला नकाशा कागदावर छापून घ्यावा.

‘वाटेत काय मदत करता येईल?’ या प्रश्नाचे उत्तर आहे, काहीही नाही, आणि हे उत्तर मुलांसकट सगळ्यांना आधीच पाठ असले पाहिजे. आयर्नमॅनच्या नियमांत बाहेरून घेतलेली मदत बसत नाही. पाण्याची बाटली, केळे, पंक्चरची ट्यूब यांतले काही तुमच्या हातून त्यांनी घेतले तर ते बाद होऊ शकतात. सोबत धावत जाणेही चालत नाही. पोहणे संपवून सायकल घेण्याच्या, म्हणजे ट्रान्झिशनच्या जागेत स्पर्धकाशिवाय कोणाला प्रवेश नसतो. शेवटच्या पट्ट्यात पाच वर्षांच्या लेकराला कडेवर घेऊन फिनिश लाइन ओलांडण्याची छायाचित्रे सुंदर दिसतात, पण तेही नियमाबाहेर आहे, आणि हे मुलांना साताऱ्यातच समजावले नाही तर ती दोरी ओलांडून बाबांकडे धाव घेणारच.

नियम माहीत असूनही हात पुढे जातो, हे मी अनुभवाने सांगतो. एका वर्षी धावण्याच्या दुसऱ्या फेरीत पत्नी माझ्यापासून चार हातांवर आली, तेव्हा तिच्या ओठांवर मिठाचा पांढरा थर दिसत होता, आणि तिने माझ्याकडे न बघताच ‘पाणी’ म्हटले. माझ्या उजव्या हातात झाकण उघडलेली बाटली होती. हात अर्धा उचलला गेला होता. तेवढ्यात तिलाच भान आले, तिने मान हलवली आणि पुढे दोनशे मीटरवर असलेल्या पाण्याच्या टेबलाकडे ती चालत गेली. त्या दिवसापासून शर्यतीच्या मार्गावर मी हातात बाटली धरत नाही, पिशवीत ठेवतो. ज्यांना काही तरी केल्याशिवाय राहवत नाही त्यांनी आयोजकांकडे स्वयंसेवक म्हणून नाव द्यावे. आमची मुलगी सतरा वर्षांची झाल्यावर तेच करू लागली, आणि पाण्याच्या टेबलामागे उभी राहून सगळ्यांना पेले देता देता तिने आपल्या आईलाही एक दिला, जो पूर्णपणे नियमात होता.

सगळ्याच शर्यतींत असे नसते, हेही सांगून ठेवतो, कारण काही जणांच्या डोक्यात वेगळे चित्र असते. तीन दिवस चालणाऱ्या अल्ट्रामॅन या ट्रायथलॉनमध्ये स्पर्धकाने स्वतःची मदतनीस मंडळी आणणे बंधनकारक असते. नाशिकच्या डॉक्टर महाजन बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी ‘रॅम’ ही सायकल शर्यत दोघांच्या संघात पूर्ण केली, तिथेही मागे गाडी आणि माणसे असतातच, त्यांच्याशिवाय ती शर्यत होऊच शकत नाही. तुमच्या यजमानांची शर्यत त्या जातीची नाही. इथे आपले आपणच निभवायचे असते, आणि घरच्यांनी ते निभवू द्यायचे असते.

उभे कुठे राहायचे, याचे माझे मत ठाम आहे. धावण्याच्या मार्गावर राहा. पोहताना शेकडो टोप्या एकसारख्या दिसतात, कोण आपले ते कळत नाही, आणि पाण्यातून बाहेर आलेला माणूस दहा सेकंदांत नजरेआड होतो. सायकलवर ताशी पंचवीस-तीसने जाणारा माणूस तीन सेकंद दिसतो. धावताना मात्र तो हळू असतो, थकलेला असतो आणि फेऱ्या असतील तर पुन्हा पुन्हा दिसतो. तेव्हा सकाळी सुरुवात पाहायला तुम्ही आणि मोठा मुलगा जा, सासूबाई आणि धाकट्याला मुक्कामी झोपू द्या, आणि सायकलच्या तीन-चार तासांत तुम्हीही परत येऊन नाश्ता करा, आडव्या व्हा. बहुतेक घरची मंडळी पहाटे चारपासून उन्हात उभी राहून अकराला कोमेजतात, आणि नेमके ज्या वेळी स्पर्धकाला ओळखीचा चेहरा हवा असतो त्या वेळी सावली शोधत असतात. मुक्काम चालत जाता येईल असा निवडा, कारण रस्ते बंद असतात आणि रिक्षा-टॅक्सी तिथवर येऊ शकणार नाहीत. सासूबाईंसाठी घडीचे स्टूल घ्या आणि स्वच्छतागृह जवळ असेल अशीच जागा शनिवारी संध्याकाळी फिरून हेरून ठेवा. हे मुद्दाम लिहितो, कारण ज्येष्ठ माणसे स्वच्छतागृहाच्या भीतीने पाणी पीत नाहीत आणि स्पर्धकाआधी त्यांनाच चक्कर येते.

ओरडायचे काय, हेही आधी ठरवून घ्या. ‘थोडेच राहिले’ असे सांगू नका, कारण किती राहिले ते त्यांना तुमच्यापेक्षा चांगले ठाऊक असते आणि चौदा किलोमीटर हे थोडे नसतात. नाव घ्या आणि जे दिसते आहे त्यातले चांगले सांगा. वेळ सांगायची की नाही, हे त्यांनाच विचारा. माझ्या पत्नीला वेळ ऐकायची नसते, पुतण्याला मिनिटासकट हवी असते.

मोबाइलवरच्या ट्रॅकरबद्दल एक इशारा देतो. स्पर्धकाच्या घोट्याला बांधलेली चिप रस्त्यावर ठरावीक ठिकाणी अंथरलेल्या पट्टीवरून गेली की तेवढीच नोंद होते. नकाशावरचा मधला सरकणारा ठिपका हा आधीच्या वेगावरून केलेला अंदाज असतो. पंक्चर झाले तरी ठिपका पुढेच जातो, आणि एखादी नोंद हुकली तर माणूस नाहीसा झाल्यासारखा दिसतो. २०२२ साली मी पुतण्याच्या ‘हरवलेल्या’ ठिपक्यापायी पाऊण तास स्वयंसेवकांना छळले, तोवर तो माझ्या पाठीमागून धावत निघून गेला होता. उशीर झाला तर आधी वीस-तीस मिनिटे थांबा, मग मदत केंद्रावर त्यांचा बिब (म्हणजे स्पर्धकाचा) क्रमांक सांगून विचारा. तुमचाच नंबर त्यांनी आपत्कालीन संपर्क म्हणून दिला असेल, तेव्हा तो फोन मुलांच्या व्हिडिओत संपवू नका.

खाण्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही. सरावात जे पचले तेच आदल्या दिवशी आणि त्या सकाळी खायचे. आमच्याकडे आदल्या रात्री वरण-भात आणि बटाट्याची भाजी असते, पहाटे शर्यतीच्या तीन तास आधी जॅम-ब्रेड आणि केळे. छोटा विजेचा कुकर आणि घरचे तांदूळ आम्ही गाडीत टाकून नेतो, कारण शनिवारी रात्री पणजीत तिखट नसलेले जेवण शोधत फिरण्याइतका वेळखाऊ उद्योग दुसरा नाही. मासे रविवारी संध्याकाळी.

मात्र शर्यत संपल्यानंतरचा तास नीट समजून घ्या. कित्येक तास हलणारे पाय एकदम थांबले की रक्त पायांतच साठते, रक्तदाब उतरतो आणि माणूस फिनिश लाइनच्या पलीकडे मटकन बसतो. तुमच्या यजमानांना गोळी चालू असल्याने हे जास्त लक्षात ठेवा. त्यांना चालते ठेवावे, आणि घेरी आली तर आडवे करून पाय वर धरावेत. बहुतेकांना पाचदहा मिनिटांत बरे वाटते. पण बोलणे असंबद्ध होत असेल, चाल डगमगत असेल, अंग तापले असेल, उलट्या होत असतील, डोके ठणकत असेल, तर घरगुती इलाज न करता थेट वैद्यकीय तंबूत न्या. तो उष्माघात असू शकतो, किंवा पाणी फार प्यायल्याने रक्तातले सोडियम घसरलेले असू शकते. बाहेरून बघून या दोहोंतला फरक आपल्याला कळत नाही आणि उपचार मात्र वेगळे असतात. म्हणूनच थकलेल्या माणसाला दिसता क्षणी लिटरभर पाणी पाजण्याची आपली प्रेमळ सवय इथे घातक ठरू शकते. बोटातली अंगठी सकाळपेक्षा घट्ट झाली असेल तर पाणी आधीच जास्त झाले असण्याची शक्यता धरा. तंबूत गेल्यावर रक्तदाबाची गोळी कोणती आणि सकाळी घेतली का, हे तुम्हाला सांगता आले पाहिजे. त्यासाठी गोळीच्या पाकिटाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

राहिली एक गोष्ट, जी कोणी विचारत नाही. ते शर्यत पूर्ण करू शकले नाहीत तर काय? अशा शर्यतीला सर्वसाधारणपणे एकूण साडेआठ तासांची मर्यादा असते, पोहण्याला आणि सायकलला वेगळ्या मर्यादा असतात, आणि त्या चुकल्या की स्पर्धकाला थांबवले जाते. भेटायची एक जागा आधी ठरवा, कारण त्यांच्याजवळ फोन नसेल. पत्नीला एकदा दोन पंक्चरांमुळे सायकलच्या मर्यादेवर थांबवले. ती आली तेव्हा मी म्हणालो, ‘अगं, पुढच्या वर्षी कर की, त्यात काय एवढे.’ मला तिला धीर द्यायचा होता, तिला ऐकू आले ते ‘त्यात काय एवढे’. परत येताना सावंतवाडी ओलांडली, आंबोलीचा घाट चढलो, आजरा मागे पडला, तरी गाडीत एक शब्द नव्हता. आता मी अशा वेळी टॉवेल देतो, चपला पुढे ठेवतो आणि ती बोलेपर्यंत गप्प बसतो.

आणि रविवारीच परत निघू नका. अशा शरीराने घाटात गाडी चालवणे धोक्याचे आहे, तेव्हा सोमवारची रजा आताच टाकायला सांगा, किंवा सुकाणू तुमच्या हातात असू द्या. सोमवारी सकाळी त्यांना जिना उतरता येणार नाही, ते कठड्याला धरून उलटे उतरतील आणि मुले हसतील. सायकल खोलून पेटीत भरायचे काम त्यांचेच आहे, ते त्यांना करू द्या, आणि त्या तासाभरात तुम्ही एकट्याच मिरामारवर फिरून या.